गेरिट पोस्टमाची पारखी बैठक

गेरिट पोस्टमाने आयुष्यात एकच चैन केली, आणि तीही डॉक्टरच्या नावावर खपवली.

चैन म्हणजे गाडी. जर्मन, काळी, लांबलचक. दार नुसतं टेकवलं की उरलेलं काम ते स्वतःच करायचं, आवाजही न करता. झीलंड गावात तशा गाड्या नव्हत्या असं नाही. पण त्या ज्यांच्या होत्या ते मिशिगन सरोवराच्या काठी बंगल्यांतून राहत आणि रविवारी चर्चला येत नसत. गेरिट न चुकता यायचा. अमेरिकेतला तिसऱ्या पिढीचा डच. बापाने उभा जन्म दोन पिकअप ट्रकांवर काढलेला, त्यातला दुसरा पहिल्याचे भाग काढून चालवलेला. चर्चचे पाळकसुद्धा मागचं दार दोरीने बांधलेली व्हॅन चालवायचे. अशा गावात काळी जर्मन गाडी घेऊन फिरायचं म्हणजे कारण हवं. म्हणून गेली दोन वर्षं गेरिट कोणी विचारण्याआधीच सांगून टाकत असे, "पाठीसाठी घेतली. मणक्याचा त्रास ना! डॉक्टर म्हणाले, सीट चांगली पाहिजे."

डॉक्टर प्रत्यक्षात म्हणाले होते, वजन कमी करा आणि रोज चाला. सीटचा विषय गेरिटनेच काढला होता आणि डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता "हं" म्हटलं होतं. त्या एका "हं"वर गाडी आली.

चर्चच्या आवारात तो ती पार मागे, कचऱ्याच्या मोठ्या पेटीच्या आडोशाला लावायचा. आणि मग कोणी पाहिली नाही म्हणून दुपारपर्यंत चुटपुटत राहायचा. ही दोन्ही दुखणी एकाच माणसाला एकाच वेळी कशी होतात, हे त्याचं त्यालाही उलगडत नसे.

त्याचा धंदा खुर्च्यांचा. ऑफिसातल्या फिरत्या, चाकांच्या खुर्च्या. कारखाना फार मोठा नव्हता, पण नव्या नमुन्याची पहिली खुर्ची तयार झाली की तिच्यावर सगळ्यांत आधी मालक बसणार, डोळे मिटणार, जरा डावीकडे कलणार, जरा उजवीकडे, आणि मग निकाल देणार, असा तीस वर्षांचा रिवाज होता. "माझी बैठक पारखी आहे," असं तो प्रदर्शनांत सांगे, लग्नांत सांगे, एकदा तर एका अंत्यविधीनंतरच्या जेवणातही सांगून बसला होता. पुरावा म्हणून एक गोष्ट ठरलेली. एका पुरवठादाराने अर्धा इंच पातळ स्पंज पाठवला होता आणि गेरिटने तो नुसता बसून पकडला होता. खरं म्हणजे त्या दिवशी बसण्याआधी त्याने मालाची पावती वाचली होती. पण सांगून सांगून पावतीचा भाग हळूहळू गळून पडला होता, आणि आता त्यालाही तो प्रयत्न केल्याशिवाय आठवत नसे.

त्या ऑक्टोबरात गाडी डावीकडे वळवली की पुढच्या भागातून कुठून तरी 'चिर्र... खट्' असा आवाज येऊ लागला. ग्रँड रॅपिड्सच्या ब्रुकमन मोटर्समध्ये त्याने तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक वेळी तिथल्या माणसासमोर गाडी शहाण्यासारखी गप्प बसली. चौथ्या वेळी त्यांनी गाडी चार दिवस ठेवून घ्यायचं ठरवलं.

गाडी ठेवून घेतली की ते बदली गाडी देत. मागच्या दोन वर्षांतल्या बदली गाड्यांच्या बाबतीत गेरिटचं नशीब बेताचंच होतं. पहिल्या वेळी दोन्ही दारांवर 'ब्रुकमन' असं हातभर अक्षरांत लिहिलेली पिवळी गाडी मिळाली होती आणि तीन दिवस तो गावातून जाहिरातीसारखा हिंडला होता. दुसऱ्या वेळच्या गाडीला कुणाच्या तरी ओल्या कुत्र्याचा वास होता. शिवाय आधीच्या गिऱ्हाइकाच्या फोनमधली नावं पडद्यावर तशीच राहिली होती. त्यात एक नाव होतं 'आई, उचलू नकोस'. ती आई नेमकी गेरिट चर्चसमोर उभा असताना फोन करत होती. तिसऱ्या वेळचं तो सांगत नसे. त्यात त्याचीच चूक होती आणि एक दगडी कुंपण होतं.

या खेपेला काउंटरवर मारिसोल त्रेविन्यो होती. तिशीतली, चष्मेवाली, गिऱ्हाइकाचा राग कागद भरता भरता जिरवून टाकणारी बाई. ती म्हणाली, "मिस्टर पोस्टमा, तुमच्या गाडीच्या तोडीची आज एकही शिल्लक नाही हो. सगळ्या बाहेर गेल्यात. दुसरी देऊ का? कालच आलीये, नवी कोरी."

गेरिटने यातलं फक्त 'नवी कोरी' ऐकलं. आधीचं वाक्य चाललं होतं तेव्हा तो तिथल्या फुकटच्या बिस्किटांतलं दुसरं घ्यावं की नको या विचारात होता.

गाडी बाहेर आली, पांढरी. त्याच्या गाडीसारखीच, पण अंगाने जरा आटोपशीर. त्याने मागे जाऊन पाहिलं, तर मागे नावच नव्हतं. ना अक्षर, ना आकडा. या गाडीच्या मालकांचा इंटरनेटवर एक अड्डा होता, तिथे तो टोपणनावाने रोज वाचायचा. तिथे एकाने लिहिलं होतं, की सगळ्यांत वरची, सगळ्यांत दांडगी गाडी घेणारे लोक मागचं नाव मुद्दाम काढून घेतात. ज्याच्याकडे ती आहे त्याला सांगायची गरजच काय! दोन वर्षांपूर्वी गेरिटला खरी हवी होती ती तीच. पण तिच्यासाठी डॉक्टरचं "हं" पुरलं नसतं, म्हणून तो एक पायरी खाली थांबला होता.

आणि आज मारिसोलने ती सहज त्याच्या हातात ठेवली होती. विचारावं का? पण विचारलं आणि तिच्या लक्षात आलं, की अरे, ही चुकून दिली, तर? गेरिटने सही केली, किल्ली घेतली, "थँक यू" म्हणाला आणि दुकानातून काही उचलून निघालेल्या माणसासारखा भराभर चालत सुटला.

हमरस्त्याला लागल्यावर त्याने जरा पाय दाबला. इंजिन गुरगुरलं. खोल, खर्जातलं, पोटातून आल्यासारखं. आपल्या गाडीत असं कधी ऐकलं नव्हतं. आणि सीट! तो डावीकडे कलला, उजवीकडे कलला. हे कातडं काही वेगळंच होतं. ताठ, तरी सोसणारं. कमरेला हवा तिथे आधार. "हीच ती," तो मोठ्याने म्हणाला. गाडीत दुसरं कोणी नव्हतं हे बरं झालं.

घरी लोइस बटाट्याच्या सॅलडचं मोठं भांडं घेऊन तयारच होती. चर्चमध्ये दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अंत्यविधीनंतरचं जेवण होतं, भांडं आजच पोचवायचं होतं. भांडं मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. गेरिट मुद्दाम लांबच्या रस्त्याने निघाला.

"काही जाणवतंय?" त्याने विचारलं.

"जाणवतंय ना. भांडं गार आहे."

"अगं, गाडीचं विचारतोय मी."

लोइसने इकडेतिकडे बघितलं. "नवी आहे."

"नुसती नवी? हा आवाज ऐक. ही सीट बघ. आपल्या गाडीत आणि हिच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. बसल्या बसल्या कळलं मला."

"मला आपल्या गाडीतही गाडीत बसल्यासारखंच वाटतं," लोइस म्हणाली, "आणि हिच्यातही. तू जरा हळू वळव, झाकण सैल आहे."

लोइसशी या विषयावर बोलण्यात अर्थ नव्हता. समजणारा माणूस हवा होता. निदान समजावून घेणारा. म्हणून दुसऱ्या दिवशी गेरिट तिच्या भावाकडे गेला.

लोइसचा थोरला भाऊ वेंडेल नायनहाउस. वय अडुसष्ट. गावाबाहेर ऐंशी एकर ब्लूबेरीची बाग. पैशाला तोटा नव्हता, पण स्वतःसाठी काही घ्यायची सवय नव्हती. तीन वर्षांपूर्वी बायको, जोअॅन, गेली आणि तेव्हापासून तर घरात नवीन चमचासुद्धा आला नव्हता. त्याच्या पिकअपचं दार फक्त बाहेरून उघडायचं, म्हणून काच कायम अर्धी उतरवलेली. वसंतात कंबरेच्या सांध्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या पिकअपमध्ये चढायला तो फळांचं लाकडी खोकं पायाखाली ठेवायचा आणि वर चढून बसलं की दोरीने ते खोकं आत ओढून घ्यायचा. गेरिटला ते बघवत नसे. मेहुण्याने जरा सुखाची गाडी घ्यावी असं त्याला मनापासून वाटे, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

"बस," गेरिट म्हणाला. "नुसता बस. काही बोलू नकोस."

वेंडेल काही बोलणार नव्हताच. तो बसला. गेरिटने त्याला होल्फार्थच्या तलावापर्यंत नेलं, तिथून सफरचंदांच्या बागांमधून वळसा घालून परत आणलं, आणि चाळीस मिनिटं एकटाच बोलत राहिला. स्पंजाचे थर, कातड्याची जात, कण्याचा तिसरा मणका, जर्मन कारागिरी, आणि अर्थातच तो अर्धा इंच पातळ स्पंज.

"आता सांग," शेवटी तो म्हणाला, "माझ्या गाडीत तू बसलायस. हिच्यात आता बसलास. फरक कळला की नाही?"

वेंडेलने जरा विचार केला. "खरं सांगू? नाही बुवा."

"कसा कळेल! चाळीस वर्षं ट्रॅक्टरवर बसून बसून तुझी बैठक बधिर झालीये, लेका. त्याला कान तयार लागतो तसा..."

"कान?"

"म्हणजे कान नाही. तुला कळलं मला काय म्हणायचंय ते."

वेंडेल दार उघडून उतरला. उतरताना कंबरेवर हात गेला नाही, हे गेरिटने पाहिलं आणि तो मनात खूष झाला. "सगळ्यांत वरची आहे म्हणतोस ही?" वेंडेलने विचारलं.

"सगळ्यांत वरची. माझ्या शब्दावर जा."

शुक्रवारी दुपारी तो ब्रुकमनकडे गेला तेव्हा त्याच्या मनाने पक्कं घेतलं होतं. लाज गेली चुलीत. पाठ महत्त्वाची. किल्ली काउंटरवर ठेवत तो शक्य तितक्या सहजपणे म्हणाला, "मारिसोल, एक विचारायचं होतं. समजा माझी गाडी तुम्हाला दिली आणि ही घेतली, तर वर किती भरावे लागतील?"

"ही?" मारिसोलने चष्मा वर सारला. "ही पांढरी?"

"हो. म्हणजे हीच किंवा हिच्यासारखी."

"मिस्टर पोस्टमा, वर कुठले? आम्हालाच तुम्हाला परत द्यावे लागतील." तिला वाटलं तो गंमत करतोय, म्हणून ती हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली. "ही आमची सगळ्यांत खालची आहे. मी म्हटलं होतं ना, तुमच्या तोडीची नाही म्हणून?"

गेरिटने मागे वळून काचेतून बाहेरच्या पांढऱ्या गाडीकडे बघितलं. "पण ते कातडं..."

"कातडं नाही ते. कृत्रिम आहे. पुसायला बरं पडतं."

"आणि इंजिनचा आवाज? तो तर..."

"तो स्पीकरमधून येतो," मारिसोल हलक्या आवाजात म्हणाली. डॉक्टर वाईट बातमी सांगताना काढतात तसला तो आवाज होता. "छोट्या इंजिनाला तेवढंच बरं वाटतं."

"मागे नाव का नाही मग?"

"आम्हीच काढून टाकतो. नाव वाचलं की लोक नाक मुरडतात, भांडतात, माझी मोठी आणि ही का दिली म्हणून. नाव नसलं की कोणाला काही कळतच..." ती थांबली. "म्हणजे भल्याभल्यांना कळत नाही, मिस्टर पोस्टमा. इंजिनीयर लोक असतात."

गेरिट खुर्च्यांचा माणूस होता. जवळच एक खुर्ची होती. तिच्यावर तो बसला, आणि ती कशी आहे हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच अजिबात जाणवलं नाही.

मारिसोलने मग त्याच्यासमोर एक छोटी प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत पेपरमिंटच्या तीन पांढऱ्या गोळ्या होत्या. प्रवचन लांबलं की चर्चमधली सगळी डच मंडळी गुपचूप चघळतात त्या. "तुमचा आवाज सापडला," ती म्हणाली. "हवेच्या जाळीतून आत पडल्या होत्या. वळलं की घरंगळायच्या."

चार फेऱ्या, तीन गोळ्या. गेरिटने पिशवी खिशात टाकली आणि स्वतःच्या गाडीत जाऊन बसला. ती बिचारी नेहमीसारखीच होती. तो हमरस्त्याला लागतो न लागतो तोच लोइसचा फोन आला.

"ऐकलंस का? वेंडेलने गाडी सांगितली."

"कुठली गाडी?"

"कुठली म्हणजे? तू त्याला फिरवलंस तीच. सगळ्यांत वरची. काल जाऊन आगाऊ रक्कमही ठेवून आला म्हणे. मी म्हटलं, अरे जरा विचार कर, तर म्हणतो, गेरिटने बसून बघितलीये, आता मी कसला विचार करू?"

गेरिटने गाडी रस्त्याकडेच्या एका भोपळ्यांच्या दुकानासमोर घातली आणि तिथेच बसून राहिला. पंधरा मिनिटांनी दुकानातली बाई काचेशी आली आणि भोपळा हवा का म्हणून विचारू लागली. त्याने एक घेतला. नको होता.

बाकीच्या रस्त्यात त्याने स्वतःशी बराच वाद घातला आणि जवळजवळ जिंकला. वेंडेलने सांगितली ती खरोखरच वरची गाडी होती ना? म्हणजे ती चांगलीच असणार. मग सल्ला चुकीचा कुठे ठरला? कारण चुकीचं होतं, सल्ला बरोबर होता. शिवाय कंबर. शिवाय पैसे त्याला कमी नाहीत. शिवाय मारिसोल थोडीच कोणाला सांगणार? मूग गिळून बसलं की झालं. इथपर्यंत सगळं नीट जमलं, आणि मग त्याला वेंडेलचं "नाही बुवा" आठवलं. गाडीत दोघं होते. त्यातला ज्याला फरक कळला नाही तो बरोबर होता, आणि ज्याला कळला त्याने दुसऱ्याला बधिर म्हटलं होतं.

घरी लोइसने वाटाण्याचं दाट सूप केलं होतं. "आवाज गेला का गाडीचा?" तिने विचारलं.

"गेला."

"काय होतं?"

"काही नाही. बारीकसारीक."

लोइसने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ब्रेड पुढे सरकवला. भोपळ्याबद्दल तिने काहीच विचारलं नाही, आणि तिच्यासारख्या बाईने ते न विचारणं जरा नवलाचंच होतं, हे गेरिटच्या ध्यानात यायला हवं होतं. पण त्याचं ध्यान जागेवर नव्हतं.

शनिवारी सकाळी त्याने कोट चढवला.

"कुठे निघालास?" लोइस म्हणाली.

"वेंडेलकडे. जरा असंच."

"असंच का? बरं." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, नीट, चष्मा लावून. "नऊ वाजून दहा मिनिटं," ती कोणाला तरी सांगावं तशी म्हणाली.

वेंडेल शेडमध्ये छाटणीच्या कात्र्यांना धार लावत बसला होता. फळांचा हंगाम संपलेला. निवडायची यंत्रं ताडपत्र्यांखाली झोपलेली. गेरिट समोरच्या उलट्या खोक्यावर बसला, हवापाण्याचं बोलला, छाटणीचं बोलला, आणि मग खाली बघत म्हणाला, "त्या गाडीचं... मी तुला सांगितलं ते चूक होतं."

"काय?" वेंडेलने कानाला हात लावला. "जरा मोठ्याने बोल. या बाजूने ऐकू येत नाही मला."

"ती सगळ्यांत वरची नव्हती!"

"मग?"

"सगळ्यांत खालची होती. मला कळलं नाही. कातडं प्लास्टिकचं होतं आणि आवाज स्पीकरमधून येत होता. आणि तुला मी बधिर म्हटलं. तू ती मोठी घेऊ नकोस, म्हणजे घ्यायची तर घे, पण माझ्या शब्दावर घेऊ नकोस. माझ्या शब्दात काही नाही. तो अर्धा इंच स्पंजसुद्धा... ती पावती मी आधी वाचली होती."

स्पंजाचं सांगायचं ठरलं नव्हतं. ते आपसूक बाहेर पडलं.

वेंडेलने कात्री खाली ठेवली, हात पुसले, खिशातून फोन काढला आणि एक आकडा लावला. "लोइस? आला. हो. दहाला वीस कमी. सगळं बोलला, न विचारता स्पंजाचंही बोलला. हो बाई, हरलो. ठेवतो."

गेरिट खोक्यावरून उठला. "काय हरलास?"

"पैज." वेंडेलच्या तोंडावर आता हसू मावत नव्हतं. "गुरुवारी गेलो होतो मी तिथे. म्हटलं, माझ्या मेहुण्याला तुम्ही ती सगळ्यांत दांडगी बदली गाडी दिलीये, तसली दाखवा. तिथल्या माणसाने यंत्रात बघितलं आणि म्हणाला, आजोबा, बदलीत आम्ही दांडगी कधीच देत नाही. मी तसाच लोइसकडे गेलो. आम्ही दोघं इतके हसलो की तिला बसावं लागलं."

"तिला गुरुवारपासून ठाऊक होतं? आणि तू मोठी गाडी सांगितलीस असं काल तिने फोनवर..."

"ते तिचंच डोकं. गाडी परत करताना तुला खरं कळणारच होतं. मी म्हटलं, हा येणार नाही, जीव गेला तरी हे पोटात घेऊन बसेल. ती म्हणाली, येईल. शनिवारी दुपारी बाराच्या आत येईल. मी म्हटलं, लाव पैज."

"पैज कशाची?"

वेंडेलचं हसू जरा उतरलं. त्याने कात्री पुन्हा हातात घेतली. "थँक्सगिव्हिंगच्या सणाची. हरलो तर यंदा जेवण माझ्या घरी. सगळ्यांना. टर्की मी भाजायची."

जोअॅन गेल्यापासून त्या घरात कोणी जेवायला बसलं नव्हतं. लोइसने तीन वर्षं नाना तऱ्हेने सांगून पाहिलं होतं आणि वेंडेलने तीन वर्षं कंबर, छाटणी, सर्दी अशी कारणं दिली होती. गेरिटला राग यायचा होता, त्याने तशी तयारीही केली होती, पण तो आलाच नाही. आपल्या बायकोने आपला मूर्खपणा इतका कामी लावला याचं त्याला उलट कौतुकच वाटलं. आणि बाराच्या आत येईल म्हणाली ती! एवढी खात्री त्याची त्यालाही नव्हती.

"मग गाडी?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "काहीच घेतली नाहीस?"

"घेतली ना. तुझी तीच."

"तीच म्हणजे?"

"तीच पांढरी. नाताळानंतर बदलीतून काढून विकणारेत ती, बरीच स्वस्तात. माझं नाव लावून आलोय." वेंडेल धार बघत म्हणाला. "बसायला बरी आहे. प्लास्टिक असलं तर असू दे, मातीचे हात पुसले की झालं. आणि तो आवाज मला आवडला. स्पीकरचा का होईना."

ही हकिगत गावभर व्हायला सोमवार उजाडावा लागला नाही. गेरिटने मग एक शहाणपणा केला, दुसऱ्या कोणी सांगण्याआधी तो स्वतःच सांगू लागला. सोमवारी कारखान्यात पोचला तर त्याच्या खोलीत तीन खुर्च्या मांडून ठेवलेल्या, तिन्हींच्या चिठ्ठ्या काढलेल्या, आणि दारात वीस माणसं हाताची घडी घालून उभी. तो तिन्हींवर बसला. डोळे मिटले. डावीकडे कलला, उजवीकडे कलला.

"मधली," तो म्हणाला.

मधली शेजारच्या बँकेने टाकून दिलेली होती. माणसं इतकी हसली की अर्धा तास काम बंद राहिलं, आणि त्या अर्ध्या तासात मालकही काही बोलला नाही, कारण त्यालाही हसू आवरत नव्हतं.

थँक्सगिव्हिंगला वेंडेलने सकाळपासून गेरिटला सहा फोन केले. ओव्हन कसा लावायचा, टर्कीच्या पोटात दुकानवाले ठेवतात ती काळीज-कलेजीची पिशवी काढायची असते का, आणि ती काढली नसेल तर आता काय. लोइसला विचार, असं गेरिटने दर वेळी सांगितलं. लोइसला विचारायचं नाही असं पैजेत ठरलंय, असं वेंडेलने दर वेळी सांगितलं. तेव्हा टर्कीतलं काहीही न कळणाऱ्या दोन माणसांनी ती फोनवर भाजली. बाहेरून काळी झाली आणि मांड्यांशी कच्ची राहिली. मंडळींनी छातीचे तुकडे कापून घेतले, बाकीचं क्रॅनबेरीच्या चटणीखाली झाकलं आणि सॅलड, बटाटे, भोपळ्याची गोड पाई यांवर पोटभर जेवली. बारा माणसं होती. जोअॅनच्या हाताने विणलेला टेबलक्लॉथ कपाटात कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तो वेंडेलनेच शोधून काढला होता, आणि इस्त्रीही केली होती, एका कोपऱ्यावर जरा करपवून.

जेवणानंतर गेरिट भांडी विसळत होता आणि वेंडेल पुसत होता. बाहेरच्या खोलीतून लोइसचा आवाज येत होता. ती भाचरंडांना गाडीची गोष्ट सांगत होती आणि गेरिटचं कलणं करून दाखवत असावी, कारण सगळे एकदम खिदळले.

"चुकीची सांगतेय ती," गेरिट म्हणाला. "मी आधी डावीकडे कललो होतो."

"जा मग, नीट सांग," वेंडेल म्हणाला. "भांडी मी बघतो." मग पुसलेली बशी बशांच्या थप्पीवर ठेवत, जरा खालच्या आवाजात, "पुढच्या वर्षी तिच्याशी कशावर हरायचं, ते आत्तापासून शोधून ठेव. तुझ्याकडे काही ना काही निघेलच."

"निघेल," गेरिट म्हणाला, आणि ओले हात तसेच पँटला पुसत बाहेरच्या खोलीत गेला.